डांबरी रस्त्याचा सांधा

डांबरी रस्ता पावसाळ्यात कुठून उखडतो? पुष्कळदा अगदी मधून. रस्त्याच्या लांबीला धरून सरळ चीर पडते. सायकलचे चाक तिच्यात जाते आणि माणूस पडतो. ही चीर उगाच पडत नाही. तिथे सांधा असतो व तो कच्चा राहिलेला असतो.

सांधा का येतो, ते पाहू. अरुंद रस्ता यंत्राच्या एका फेरीत होतो. त्याला मधे सांधा नसतो. पण रुंद रस्ता पुष्कळदा दोन पट्ट्यांत करतात. आधी अर्धा, मग उरलेला अर्धा. त्यामुळे गाड्याही चालू राहतात. पहिली पट्टी थंड झाल्यावर तिला लागून दुसरी गरम पट्टी टाकतात.

शेताचा बांध घालताना मधली माती चोपली की बसते. कडेची मात्र बाहेर सरकते, कारण तिला टेकू नसतो. पहिल्या पट्टीच्या कडेचे तसेच होते. रोलर फिरला की कड पसरते नि आतून पोकळ राहते. पोकळीत पाणी मुरते. वरून गाड्या जातात, डांबर खडीला सोडते आणि खडी सुटू लागते.

म्हणून ही पोकळ कड दोन-तीन इंच कापून टाकावी. काप उभा व सरळ हवा. ठेकेदार कुरकुरतो, माल वाया जातो म्हणतो. आमच्या मते इथे काटकसर करूच नये. कापलेली कड झाडून तिला गरम डांबर फासावे. जुन्या भिंतीला गिलावा करण्याआधी आपण ती झाडतो, पाणी मारतो. नाहीतर गिलावा धरत नाही. हेही तसेच आहे.

दुसऱ्या पट्टीचा माल जुन्या पट्टीवर इंचभर चढला पाहिजे. शिवाय तो थोडा उंच पसरावा. सव्वा इंच सैल माल दाबून इंचभर होतो. माल कमी पडला तर रोलर जुन्या पट्टीवरच टेकतो. मग नवा माल दबणार कसा?

रोलर गरम पट्टीवरून चालवावा व त्याचे चाक थंड पट्टीवर सहा इंच जावे. माल गरम आहे तोवरच हे करावे. गार झाल्यावर कितीही दाबा, तो बसत नाही.

डांबराचे दोन थर असतील तर वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये. फूटभर बाजूला घ्यावा. विटा रचताना गवंडी हेच करतो.

काम चालू असेल तेव्हा आपण जाऊन पाहावे. कड कापली का, डांबर फासले का, हे साहेबांना विचारावे. मुलांना मात्र गरम मालापासून लांब ठेवावे.

चीर पडलीच, तर पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत लेखी कळवावे. कोरडी चीर झाडून तिच्यात गरम डांबर भरता येते. 2000 साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांची देखभाल पाच वर्षे ठेकेदाराकडेच असते. रस्त्याच्या कडेला फलक असतो. काम कधी पूर्ण झाले, ती तारीख त्यावर वाचावी आणि अर्जात लिहावी.