ओव्हनविना चॉकलेट बिस्किट रोल

प्रश्न : घरी ओव्हन नसताना मुलांना हाताशी घेऊन चॉकलेट रोल करता येईल का? (एक वाचक, वरवे बुद्रुक, ता. भोर)

उत्तर : अवश्य करता येतो. 150 ग्रॅम मारी बिस्किटे पिशवीत घालून मुलांनी लाटण्याने कुटावीत, मात्र त्यांचे पीठ न करता काही तुकडे दाताखाली येतील इतके जाडसर ठेवावेत, कारण रोलची खरी लज्जत त्यातच असते. 150 ग्रॅम चॉकलेट व 75 ग्रॅम लोणी मोठ्यांनी ‘डबल बॉयलर’वर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या पूर्ण कोरड्या भांड्यात, वितळवावे, कारण थेंबभर पाणी पडले तरी साखर व कोको ओलावा धरतात आणि गुठळ्या होतात. बिस्किटे मिसळून मुलांनी बटर पेपरमध्ये रोल वळावा. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतील स्निग्धांश, सुमारे 34 अंश सेल्सिअसला वितळत असल्याने उन्हाळ्यात रोल फ्रिजमध्येच ठेवावा.