नाणे जुने, मोल किती?

म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाची यात्रा भरते. यात्रा आटोपली, आमचा वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच रात्री एक मावशी पदराच्या गाठीला पाच नाणी बांधून आल्या.

"सासूबाईंच्या ट्रंकेत घावली," त्या म्हणाल्या. "फोनवर एकजण म्हणतोय, रिझर्व्ह बँकेतनं बोलतोय, भोकाच्या पैशाचं दोन लाख देतो. पण आधी नोंदणीचं तीन हजार धाडा. विहिरीची मोटर जळालीया. धाडू का पैसं?"

आम्ही म्हणालो, "मावशी, आज काही धाडू नका. आधी नाणी वाचू."

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केले आहे. बँक जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करत नाही. त्यासाठी फी मागत नाही. तसा अधिकार तिने कोणाला दिलेलाही नाही. जो आधी पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे.

मग आम्ही फळ्यावर इंग्रजी आकडे लिहिले आणि एकेक नाणे हाती घेतले.

पहिला भोकाचा पैसा. लढाईच्या काळात तांबे वाचावे म्हणून १९४३ पासून असे पैसे निघाले. ते अमाप पाडले गेले. आजही पुष्कळ मिळतात, म्हणून किंमत थोडी.

दुसरी शिवराई. मावशींनी बोट ठेवून वाचले, "श्री... राजा... शिव." मागे 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरे कडेला तुटलेली असतात. शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईतसुद्धा, ठिकठिकाणी पाडली जात होती. म्हणून तीही दुर्मिळ नाही.

तिसरा राणीछाप रुपया, साल १८६२. वर्गातले सगळे म्हणाले, "हा लई जुना, हाच महाग!" पण १८६२ हेच साल घालून सरकारने पुढे कित्येक वर्षे रुपये पाडले. त्यामुळे ते भरपूर आहेत. शिवाय सूनबाईंनी तो चिंच आणि राख लावून लखलखीत केला होता. घासल्याने नाण्याचा मूळचा कस जातो. जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो.

चौथ्यावर राम, लक्ष्मण, सीता. मागे कंपनी सरकारचे नाव आणि १८१८ साल. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. हा अलीकडे केलेला बनावट माल. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण त्याला मोल नाही.

पाचवा पंचम जॉर्ज बादशहाचा रुपया, साल १९११. बादशहाच्या झग्यावर हत्ती काढला होता, पण तो डुकरासारखा दिसला. लोक नाराज झाले. सरकारने बहुतेक रुपये वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. हा रुपया १८६२ च्या रुपयाहून एकोणपन्नास वर्षांनी नवा, तरी भाव जास्त.

म्हणजे जुने ते सगळेच सोने नव्हे. किती उरली आहेत, किती झिजली आहेत आणि घेणारे किती आहेत, यावर मोल ठरते.

"मग हा मोठ्या तपासणीला धाडू का?" मावशींनी विचारले.

त्या तपासणीला ग्रेडिंग म्हणतात. जाणकार नाणे खरे की खोटे ते पाहतात. झीज पाहून १ ते ७० मधला अंक देतात. मग पारदर्शक डबीत ते कायमचे बंद करतात. यासाठी नावाजलेल्या संस्था अमेरिकेत आहेत. घासलेल्या नाण्याला त्या बहुधा अंक देत नाहीत.

आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. समजा, नाणे आज ३,००० रुपयांना जाते. डबीत घातल्यावर ५,००० ला जाईल. वाढ २,००० ची. पण तपासणी, टपाल आणि विमा मिळून खर्च ४,०००. म्हणजे २,००० चा तोटा. तेच नाणे आज २०,००० चे असेल आणि डबीत ४०,००० चे होणार असेल, तर ४,००० खर्चून १६,००० हाती राहतात. तेव्हा तपासणी करावी. नाणे खरे की खोटे असा संशय असेल आणि रक्कम मोठी असेल, तेव्हाही करावी.

आजचा भाव कसा कळेल? नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सोनाराच्या काट्यावर वजन करा. राणीचा किंवा पंचम जॉर्जचा न झिजलेला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम भरतो. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. म्हणून खरा रुपया चांदीच्या भावाखाली कधीच देऊ नका. दोन व्यापाऱ्यांना वेगवेगळे विचारा. नाणे मागे ठेवून येऊ नका.

आणखी एक. नांगरताना जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर ती गुपचूप विकू नका. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.

मावशींचा १९११ चा रुपया बराच झिजलेला होता. बादशहाच्या भुवया पुसल्या होत्या. "ह्याला डबी नको," त्या स्वतःच म्हणाल्या. "दोन ठिकाणी भाव इचारीन, मग बघीन." ते तीन हजार मोटरीच्या दुरुस्तीला लागले. शिवराई मात्र त्यांनी विकली नाही. नातवाला अक्षरे दाखवायला ती देव्हाऱ्यात ठेवली आहे.

करून पाहा: घरातले एक जुने नाणे घ्या. ते घासू नका. त्यावरची अक्षरे आणि साल वाचून वहीत लिहा.