म्हशीच्या दुधांतील स्निग्धांश कां घटतो?

मुंबई शहरांतील म्हशी बाहेर नेण्यासाठीं १९४९ सालीं गोरेगांव येथें आरे दुग्ध वसाहत उभारली गेली, हें वाचकांस ठाऊकच आहे. उपनगरांतील दुधाच्या धंद्यांत दुधाचें मोल स्निग्धांशावर ठरतें. तो घटला कीं पहिला संशय धार काढणाऱ्यावर जातो.

आमच्या गोठ्यांतही असेंच घडलें. वैरण महागली म्हणून आम्ही कडबा निम्मा करून मक्याचा भरडा व भाताचा तेलकट कोंडा वाढविला. दूध पूर्वीइतकेंच राहिलें, पण स्निग्धांश शेंकडा ७ वरून ५ वर आला. पाणी मिसळल्याचा आळ आम्ही गड्यावर घेतला. तो खोटा ठरला. त्याचें कारण असें:

म्हशीच्या पहिल्या मोठ्या पोटांतील सूक्ष्म जंतु वैरण आंबवितात. त्यांतून अॅसेटिक आम्ल निघतें, तें रक्तावाटे कासेंत जातें, आणि तेथील पेशी त्यापासून मेदाम्लें घडवितात. दुधांतील सुमारें निम्मीं मेदाम्लें अशीं कासेंतच तयार होतात; उरलेलीं रक्तांतून आयतीं येतात.

हें काम पेशींतील एन्झाइमें करितात. त्यांतील अॅसेटिल-कोए कार्बोक्झिलेज हें साऱ्या कामाचें नाकें होय. कच्चा माल विपुल असला म्हणजे सायट्रेट नांवाचा पदार्थ सांचून नाकें खुलें करितो. तयार लांब मेदाम्लें फार झालीं, तर तींच तें अडवितात. पेशींतील शक्ति कमी पडली, तर त्या एन्झाइमास फॉस्फेट जडून तें मंदावतें. हा बंदोबस्त तात्काळ होतो. दुसरा उपाय सावकाश, पण अधिक खोल. तो म्हणजे एन्झाइमच कमी बनविणें.

खुराक भारी व वैरण थोडी झाली, कीं पोटांत आंबटपणा वाढतो आणि जंतु तेलांतील मेदाम्लाचें एक निराळें रूप करितात. तें अत्यल्प प्रमाणांत कासेस पोंचलें, तरी पेशी हा दुसरा उपाय योजितात. मग दूध तेवढेंच, लोणी मात्र कमी.

आतां परीक्षा. पाणी घातलें असतां स्निग्धांश व इतर घनांश दोन्ही उतरतात. चाऱ्याचा दोष असल्यास मुख्यतः पहिलाच उतरतो. आमच्या दुधाचा इतर घनांश जागच्या जागीं होता. कडबा पूर्ववत् केल्यावर तीन आठवड्यांत स्निग्धांश सांवरला, व आम्ही गड्याची क्षमा मागितली. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. एका आकड्यावर निकाल देऊं नये, हें आम्हांस तरी ठाऊक असावयास हवें होतें.