हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवावं? सायकलच्या डायनामोपासून पसरणी घाटापर्यंत



आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण इयत्ता सहावी-सातवीच्या विज्ञान आणि गणिताशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. आपल्यातले बरेच जण रोज तीस-चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन नोकरी करतात. चार जण मिळून एक गाडी, पेट्रोलची वर्गणी, महिनाअखेरीस हिशोब, हे आपल्याला नवीन नाही. अलीकडे या गाड्यांमध्ये हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. आणि गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत एकच तक्रार ऐकू येते, "शोरूममध्ये २७ सांगितलं होतं, मला तर १९ पण मिळेना!"

गाडी खराब नसते. बहुतेक वेळा ती जुन्या सवयीने चालवली जाते, एवढंच. आता या सवयीची किंमत किती, ते आधी गणितानेच बघू.

समजा तुमचं महिन्याला १२०० किलोमीटर रनिंग आहे. साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ देते, म्हणजे ८० लिटर लागलं. हायब्रिडने २० दिलं तर ६० लिटर. तीच हायब्रिड नीट चालवून २४ दिलं तर ५० लिटर. पेट्रोल हिशोबाला सोपं म्हणून १०० रुपये धरू. पहिल्या चालकाची बचत महिन्याला २००० रुपये, दुसऱ्याची ३००० रुपये. हायब्रिडसाठी जास्तीचे १ लाख ८० हजार मोजले असतील, तर पहिल्याचे पैसे वसूल व्हायला ९० महिने लागतील, म्हणजे साडेसात वर्षं. दुसऱ्याचे ६० महिन्यांत, म्हणजे पाच वर्षांत. गाडी तीच, रस्ता तोच, आणि फरक अडीच वर्षांचा! कर्जाचा हप्ता साधारण पाच वर्षांचाच असतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

बॅटरीवर चालते म्हणजे फुकट चालते का?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी या गाड्यांमध्ये जे स्ट्राँग हायब्रिड मॉडेल मिळतं, त्याला चार्जिंगची वायर लावायची सोय नसते. टाकीत पडतं ते फक्त पेट्रोल. म्हणजे बॅटरीत जी वीज आहे, तीही शेवटी पेट्रोलमधूनच आलेली आहे. डॅशबोर्डवर हिरवा 'ईव्ही' दिवा लागला की आपल्याला आनंद होतो, पण ती उधारी आहे. नंतर इंजिन सुरू होऊन ती उधारी फेडतं, आणि वर थोडं व्याजही जातं. कारण इंजिनची ताकद जनरेटरमध्ये, तिथून बॅटरीत, बॅटरीतून मोटरमध्ये असं फिरताना प्रत्येक ठिकाणी थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

(जाता जाता एक सूचना. 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' लिहिलेल्या गाड्या वेगळ्या. त्यांची छोटी मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. गाडी घ्यायची असेल तर हा फरक विचारून घ्या. नावाला भुलू नका.)

मग हायब्रिडची बचत येते कुठून? मुख्य जागा दोन. एक, इंजिनला जिथे चालणं परवडत नाही तिथे ते बंद राहतं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, उताराला. दोन, ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळते.

दुसरा मुद्दा मुलांना समजावायला जुना सायकलचा डायनामो फार उपयोगी पडतो. गावात कुणाकडे तरी अडगळीत सापडेलच. सायकल स्टँडवर लावा, पायडलने मागचं चाक फिरवा आणि पायडल सोडून द्या. चाक बराच वेळ फिरत राहतं. आता डायनामो चाकाला टेकवून पुन्हा तेच करा. दिवा लागतो, पण चाक लवकर थांबतं. चाकाची गती कुठे गेली? बऱ्यापैकी दिव्यात गेली. हायब्रिड गाडी ब्रेकच्या वेळी हेच करते. मोटर उलटं काम करून डायनामो बनते, चाकांना अडवते आणि वीज बॅटरीत भरते. साध्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात संपते.

ही ऊर्जा किती असते? माणसांसकट गाडीचं वजन १५०० किलो धरा. ताशी ६० च्या वेगाला तिची गतिज ऊर्जा होते साधारण २ लाख ८ हजार ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल असतात, पण साधं इंजिन त्यातला पाव भागच चाकापर्यंत पोचवतं असं धरू. हिशोब केला तर गाडीला ६० चा वेग द्यायला सुमारे २५ मिलिलिटर पेट्रोल लागतं. म्हणजे औषधाच्या छोट्या चमच्याने पाच चमचे. साध्या गाडीत प्रत्येक वेळी ६० वरून पूर्ण थांबलात की हे पाच चमचे रस्त्यावर ओतले असं समजा.

ब्रेक लावायची पद्धत बदला

हायब्रिड गाडी हे पाचही चमचे परत देत नाही. काही भाग देते, आणि किती द्यायचं ते तुमच्या पायावर ठरतं. मोटर-जनरेटर आणि बॅटरी यांना एका वेळी ठरावीक एवढीच वीज घेता येते. पुढचा स्पीड ब्रेकर शेवटच्या क्षणी दिसून तुम्ही करकचून ब्रेक दाबला, तर मोटर बिचारी एवढं पकडू शकत नाही. मग उरलेलं काम नेहमीचे ब्रेक करतात आणि ऊर्जा गरम होऊन जाते. तेच दीडशे-दोनशे मीटर आधी पाय उचलला, मग हलका ब्रेक लावत आलात, तर बराचसा भाग बॅटरीत जातो.

बऱ्याच गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर 'चार्ज', 'इको' आणि 'पॉवर' असे तीन भाग असलेला काटा असतो. थांबताना काटा 'चार्ज' भागात ठेवायचा, पण त्याच्या अगदी टोकाला जाऊ द्यायचा नाही. आठवडाभर हा एकच सराव करा. पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवलं की हे आपोआप जमतं. अंतर ठेवलं की मागून कुणीतरी घुसतं, हे खरं आहे. घुसू द्या. पण नजर रस्त्यावरच हवी, काट्यावर नाही. काटा सहज दिसला तर बघायचा.

आणि एक गोष्ट कृपया कुणीही करू नका. उताराला किंवा सिग्नलला येताना गाडी न्यूट्रलला टाकणं. जुन्या पिढीच्या ड्रायव्हरांनी आपल्याला हा सल्ला दिलेला असतो. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला टाकलं की बॅटरी चार्ज होणं बंद होतं. म्हणजे बचत करायला जाऊन बचतीचं दारच लावून घेतो आपण. उताराला तर ते धोक्याचंही आहे.

पिकअप घेताना फार घाबरू नका

काही जण 'ईव्ही' दिवा विझू नये म्हणून इतकी हळू गाडी काढतात की मागे रांग लागते. ही काटकसर नाही. उधारी वाढते, बॅटरी उतरते आणि मग इंजिनला गाडी ओढायची आणि बॅटरीही भरायची अशी दोन कामं करावी लागतात. पेट्रोल इंजिन मध्यम जोर लावताना सगळ्यात चांगलं काम करतं. त्यामुळे निघताना मध्यम रेस द्या, इंजिन सुरू झालं तर होऊ द्या, हवा तो वेग लवकर गाठा. मग क्षणभर पाय पूर्ण उचला, इंजिन बंद पडू द्या आणि पुन्हा अगदी हलका पाय ठेवा. सायकलवर आपण चार पायडल मारून थोडं तसंच जाऊ देतो ना, तसंच. एकदम जोरात रेस मात्र नको.

घाटाचं गणित

आता वाई ते पाचगणी, पसरणी घाट. साधारण ५५० मीटरची चढण. वर जाताना पेट्रोल लागणारच, त्यात जादू काही नाही. गंमत उतरताना आहे.

१५०० किलोची गाडी ५५० मीटर खाली येते, तेव्हा वजन × १० × उंची या हिशोबाने सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर जवळपास २.३ युनिट. आणि हायरायडरसारख्या गाडीची बॅटरी केवढी? ०.७६ युनिट! तीही गाडी पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही. उतारातली काही ऊर्जा हवा आणि टायर खातात हे धरलं, तरी अर्धा घाट उतरायच्या आत बॅटरी भरून जाऊ शकते. हंड्यात घागरीचं पाणी ओतता येतं, टँकरचं नाही.

बॅटरी भरल्यावर मोटरची अडवण्याची ताकद कमी होते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. लांब उताराला ब्रेक तापून कमजोर पडतात, हे घाटातल्या माणसाला सांगायला नको. त्यासाठी बऱ्याच हायब्रिडमध्ये गिअरच्या जागी 'बी' असतो. त्यात इंजिनाचाही अडथळा चाकांना मिळतो. लांब, उभ्या उताराला 'बी' लावा. पण काही जण सपाट रस्त्यालाही 'बी' मध्येच गाडी चालवतात, जास्त चार्ज होईल म्हणून. तसं होत नाही. सपाटीला 'डी' मध्ये ठेवून हलका ब्रेक लावला की चार्जिंग तेवढंच होतं. 'बी' हा सुरक्षिततेसाठी आहे.

हायवेला हायब्रिडची हुशारी चालत नाही

शहरात, गर्दीत ही गाडी राजा आहे. हायवेला एकसारखा वेग असतो, ब्रेक कमी, त्यामुळे परत मिळवायला फारसं काही नसतंच. तिथे सगळा खेळ हवेशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १०० ला गेलात तर १.२५ चा वर्ग, म्हणजे दीडपटीपेक्षा जास्त विरोध. आणि वेळ किती वाचतो? ४० किलोमीटरला ८० ने ३० मिनिटं, १०० ने २४ मिनिटं. सहा मिनिटं! परिपाठाला उशीर होतो तो या सहा मिनिटांमुळे नाही, घरातून उशिरा निघाल्यामुळे होतो.

राहिलेल्या छोट्या गोष्टी

टायरमधली हवा गाडी थंड असताना बघा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या मुलाला विचारू नका. एसी बॅटरीवर चालतो, म्हणून उभ्या गाडीत एसी लावून बसलात की थोड्या थोड्या वेळाने इंजिन सुरू होतं. शाळेत गाडी सावलीत लावा आणि निघताना आधी दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या. काही गाड्यांत मागच्या सीटपाशी बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी असते. तिच्यासमोर पुस्तकांचे गठ्ठे, पोषण आहाराच्या पिशव्या ठेवू नका. सकाळी पहिली काही मिनिटं इंजिन स्वतः गरम व्हायला चालतं, म्हणून दूध, भाजी, क्लास अशा तीन वेगळ्या छोट्या फेऱ्यांपेक्षा एकच फेरी परवडते.

आणि तो शोरूमचा आकडा? ग्रँड विटारा हायब्रिडचा २७.९७ हा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्या चाचणीत सर्वाधिक वेग ९० असतो. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला, पण आपल्या खिशाचा हिशोब त्यावर मांडू नये.

वर्गासाठी उपक्रम : 'ॲव्हरेज'ची सरासरी

स्क्रीनवरच्या आकड्यावर न विसंबता टाकी फुल ते टाकी फुल अशी नोंद ठेवा. एकाच पंपावर, नोझल आपोआप कट झाला की थांबायचं. तारीख, किलोमीटर, लिटर, एवढे तीनच रकाने. किमान तीन-चार टाक्या झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. ही वही वर्गात न्या आणि सहावी-सातवीच्या मुलांना हा प्रश्न घाला :

एक गाडी घाट चढत ६० किलोमीटर गेली, तेव्हा तिने लिटरला १५ किलोमीटर दिले. त्याच रस्त्याने परत येताना लिटरला ३० दिले. पूर्ण प्रवासाचं ॲव्हरेज किती?

बरीच मुलं १५ अधिक ३० भागिले दोन करून २२.५ सांगतील. मोठी माणसंही सांगतात, स्टाफरूममध्ये विचारून बघा. लगेच चूक म्हणू नका. "जाताना पेट्रोल किती लागलं?" एवढंच विचारा. ४ लिटर. येताना? २ लिटर. एकूण अंतर १२० किलोमीटर, एकूण पेट्रोल ६ लिटर, म्हणजे उत्तर २०. मग मुलांनाच विचारा, २२.५ का आलं नाही? चढाला पेट्रोल जास्त जळलं, म्हणून त्या आकड्याचं वजन जास्त पडलं, इथपर्यंत ती आपापसात बोलून येतात. थोडा वेळ लागतो, लागू द्या. पुढच्या तासाला मुलांना घरच्या मोटारसायकलची अशीच वही ठेवायला सांगा. हायब्रिड गाडी प्रत्येकाच्या घरी नसते, पण पेट्रोलची पावती बहुतेकांच्या घरी असते.