पोटातील अनाहूत पाहुणे

प्रस्तावना

'पोट बिघडले' ही आपल्या घरात वारंवार कानांवर पडणारी तक्रार. शिळे खाल्ले, तिखट जास्त झाले, काळजी फार केली, अशी कारणे आपण देतो, ओवा किंवा सुंठ घेतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. परंतु कधी कधी या तक्रारीमागे डोळ्यांना न दिसणारा जिवाणू असतो आणि आपल्याकडे येण्यापूर्वी तो एखाद्या पशुपक्ष्याच्या पोटात नांदत असतो. अशा जिवाणूंची ओळख या पाठात करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
• पोटातील जिवाणू आणि आजार यांचा संबंध सांगू शकाल;
• प्राण्यांकडून माणसाकडे होणारा रोगप्रसार स्पष्ट करू शकाल;
• दैनंदिन जीवनात घ्यावयाची दक्षता सांगू शकाल.

मूळ पाठ

१. पुण्यातील घटना

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात एका दुर्मीळ आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. धायरी, किरकटवाडी आणि खडकवासल्याजवळील नांदेड गाव येथील अनेक रुग्णांची कहाणी सारखीच होती. आधी जुलाब झाले, ते थांबले आणि काही दिवसांनी पायांतील शक्ती गेली. काहींना श्वास घेणेही कठीण झाले. हा 'गियाँ-बारे' नावाचा मज्जातंतूंचा विकार होता. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि काहींना प्राण गमवावे लागले. रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले असता त्यांतील काहींत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आढळला. नागरिकांनी पाणी उकळून प्यावे आणि मांस पूर्ण शिजवूनच खावे, असे आवाहन करण्यात आले.

२. पोटाचा आजार पायांत कसा उतरला?

हा वळणदार जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यांत सुखाने राहतो. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा अधिक, सुमारे ४२ अंश सेल्सिअस असते आणि तेच त्याला मानवते. कोंबडी आजारी दिसत नाही. परंतु तिची विष्ठा पाण्यात मिसळली किंवा मांस अर्धेकच्चे राहिले, तर तो माणसाच्या पोटात पोहोचतो. गुरांपासूनही त्याचा प्रसार होतो. ताप, पोटदुखी आणि जुलाब ही त्याची लक्षणे होत. बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात.

मात्र या जिवाणूच्या बाह्य आवरणावरील काही शर्करा आपल्या मज्जातंतूंवरील घटकांसारख्या असतात. शत्रूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेले सैन्य या साम्यामुळे फसते आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. असे सुमारे हजारांतील एखाद्याच रुग्णाच्या बाबतीत घडते. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात; पण त्यास अनेक आठवडे किंवा महिने लागू शकतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. म्हणून अशा रुग्णाला दूर लोटणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

३. स्वतःवरच प्रयोग

जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की तेथे जिवाणू टिकणारच नाही, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत असे. जठरातील व्रणाचे खापर काळजी आणि तिखट यांवर फोडले जाई. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठरात वळणदार जिवाणू दिसले. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जिवाणू प्रयोगशाळेत वाढेनात. दोन दिवसांत वाढ दिसली नाही, की बशा टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काही बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जिवाणू वाढलेले आढळले!

तरीही अनेक तज्ज्ञांना ते पटेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतःच प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि जठराला सूज आल्याचे तपासणीत दिसले. हा जिवाणू प्रथम कॅम्पिलोबॅक्टरच्याच कुळातील मानला गेला. १९८९ मध्ये त्याला 'हेलिकोबॅक्टर' हे नाव मिळाले. स्वतःभोवती अमोनिया निर्माण करून तो आम्लाची धार बोथट करतो, म्हणूनच तो जठरात टिकतो. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज अशा व्रणावर प्रतिजैविकांनी उपचार होतात.

४. प्राण्यांचे सोबती

कुत्र्यांच्या जठरातील वळणदार जीव इटलीचे बिझोझेरो यांनी १८९३ मध्येच पाहिले होते. मांजर, कुत्रा आणि डुक्कर यांच्या जठरात हेलिकोबॅक्टरचे भाऊबंद राहतात. त्यांपैकी काही क्वचित माणसातही सापडतात आणि जठरदाह घडवतात. याचा अर्थ प्राणी पाळू नयेत असा नाही. त्यांना हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, एवढाच आहे.

५. आपल्या हाती काय?

पाणी उकळून प्यावे. मांस पूर्ण शिजवावे. कच्च्या मांसाची सुरी भाजीसाठी धुतल्याविना वापरू नये. जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे द्यावे. यासाठी चहाचा लहान चमचा वापरावा. जुलाबानंतर पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि मध्येच सोडू नयेत.

पाणी स्वच्छ ठेवणे मात्र एकट्या गृहिणीचे काम नव्हे. विहीर, जलवाहिनी आणि सांडपाणी यांची व्यवस्था सर्वांनी मिळून पाहावी आणि स्थानिक प्रशासनाकडे ती मागावी. तो आपला अधिकार आहे.

शब्दार्थ

अनाहूत – न बोलावलेला. जठर – अन्न पचवणारी पिशवी. व्रण – जखम. प्रतिजैविके – जिवाणूनाशक औषधे. प्राशन करणे – पिणे.

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचारांचे अर्थ पाहा आणि वाक्यांत उपयोग करा.
(अ) पोटात घालणे – क्षमा करणे
(आ) पोटाला चिमटा घेणे – उपाशी राहून काटकसर करणे
(इ) खापर फोडणे – दोष देणे

स्वाध्याय

१. जुलाबाच्या आजारातून मज्जातंतूंचा विकार कसा उद्भवतो?
२. मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण का प्राशन केले? त्यांच्या कृतीविषयी आपले मत लिहा.
३. आपल्या वस्तीतील पाण्याच्या स्वच्छतेविषयी स्थानिक अधिकाऱ्यांना पत्र लिहा.