बाकल्याच्या मुळातील साक्ष

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएच्या रेणूची दुपेडी रचना मांडली, तेव्हाच त्याची प्रतिकृती कशी होत असावी याचेही सूचन त्यांनी केले. दोन पेड विलग व्हावेत आणि प्रत्येकाच्या आधाराने नवा जोडीदार पेड तयार व्हावा, अशी ती कल्पना. ती देखणी होती. पण देखणेपणा म्हणजे पुरावा नव्हे. पेशीविभाजनाच्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी जाड गुणसूत्रेही याच नियमाने वागतात काय, हा प्रश्न होता. अमेरिकन पेशीशास्त्रज्ञ जे. हर्बर्ट टेलर यांनी त्याचे उत्तर बाकल्याच्या कोवळ्या मुळांत शोधले. या वनस्पतीच्या पेशीत अवघी १२ गुणसूत्रे असतात, आणि ती चांगली मोठी असतात.

खरी अडचण खूण करण्याची होती. किरणोत्सर्गी फॉस्फरसचे किरण दूरवर फाकत. त्यामुळे खूण नेमकी कोणत्या धाग्यावर आहे, हे कळत नसे. ट्रिटियमचे किरण मात्र जेमतेम एक मायक्रॉन जातात. डीएनएचा घटक असलेल्या थायमिडीनमध्ये ट्रिटियम घालून टेलर आणि त्यांचे सहकारी फिलिप वुड्स व वॉल्टर ह्यूझ यांनी ते मुळांना दिले. नंतर मुळे साध्या द्रावणात हलविली. त्या द्रावणात कॉल्चिसीन होते. कॉल्चिसीनमुळे गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. म्हणजे गुणसूत्रे मोजली की किती फेऱ्या झाल्या ते समजते. युक्ती साधी, पण तिच्यावाचून सारा प्रयोग आंधळा ठरला असता.

१२ गुणसूत्रांच्या पेशींत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही अर्धांवर काळे कण उमटले होते. २४ गुणसूत्रांच्या पेशींत मात्र एक अर्ध खुणेचे, तर दुसरे कोरे. जुना भाग अखंड राहून नव्याशी जोडला जात होता. हे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवाणूंवरील मेसेल्सन आणि स्टाल यांचा प्रसिद्ध प्रयोग त्यानंतरच्या वर्षीचा.

तथापि अर्धगुणसूत्रात डीएनएचा एकच सलग रेणू असतो काय, हे या चित्रांवरून ठरत नव्हते. त्यासाठी पुढे फळमाशीच्या डीएनएची मोजमापे व्हावी लागली. दरम्यान टेलर यांचे लक्ष एका विसंगतीने वेधले. काही ठिकाणी खूण मध्येच एका अर्धावरून जुळ्या अर्धावर गेलेली दिसे. दोहोंत तुकड्यांची अदलाबदल झाली होती. सत्तरच्या दशकात हीच अदलाबदल किरणोत्सर्गाविना, रंजकांच्या साह्याने पाहता येऊ लागली आणि गुणसूत्रांना इजा करणारी रसायने ओळखण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला.