इंग्रजीतील साधे काळ

क्रियापदाच्या रूपावरून काळ ठरवू नये. क्रिया केव्हा घडते ते आधी पाहावे. आईने हाक मारली की आपण ‘आलोच’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, पण येणे अजून व्हावयाचेच असते! तेथे ‘आय केम’ लिहिल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

नर्मदा महेश्वराजवळून वाहते, हे नित्याचे; म्हणून ‘फ्लोज’, साधा वर्तमानकाळ. अहिल्याबाई होळकरांनी तेथून राज्य केले. १७९५ साली त्या निवर्तल्या आणि तो काळ सरला. म्हणून ‘रूल्ड’, साधा भूतकाळ. परीक्षेनंतर आपण तेथील घाट पाहू, हे पुढचे. म्हणून ‘विल सी’, साधा भविष्यकाळ.

भाषांतर शब्दाचे नव्हे, अर्थाचे करावे, एवढेच आमचे सांगणे.